मॅक, विंडोज की लिनक्स: वाद घालायचाच असेल तर असा घाला

संगणकाच्या प्लॅटफॉर्मवरून वाद पेटला की थोड्या वेळाने कुणीतरी समजूतदार माणूस 'ज्याची त्याची आवड' म्हणतो आणि पडदा पडतो. मला ही पळवाट वाटते. डेस्कटॉपवर कोणतं चित्र लावावं ही आवड झाली. हे मशीन किती वर्षं सुरक्षा अपडेट घेईल, तुमचं रोजचं सॉफ्टवेअर त्यावर चालेल का, उद्या दुसरीकडे जायचं झालं तर फाइली सोबत येतील का, हे प्रश्न आवडीचे नाहीत. त्यांची उत्तरं तपासता येतात, आणि जे तपासता येतं त्यावर वाद घालून निकालही लावता येतो. अडचण एवढीच की आपण वाद भलत्याच मापाचा घेऊन बसतो.

घरात नवीन मशीन घ्यायचं असो, ऑफिसात सगळ्यांसाठी एकच सिस्टिम ठरवायची असो, किंवा मित्रांमध्ये नुसतीच खुमखुमी असो, खालची पद्धत तिन्हीकडे चालते. तिसऱ्या प्रकारात पायऱ्या गाळल्या तरी चालेल. पहिल्या दोन प्रकारांत पैसा आणि पुढची काही वर्षं अडकलेली असतात, तिथे गाळू नका.

पायरी १: विधान लिहून काढा

'मॅक विंडोजपेक्षा चांगला' ही घोषणा आहे. घोषणेवर वाद होत नाही, फक्त आवाज चढतो. तिला तीन प्रश्न विचारा: कुणासाठी, कोणत्या कामासाठी, किती काळासाठी? मग तिचं असं काहीतरी होतं: 'सतत प्रवासात राहून व्हिडिओ संकलन करणाऱ्या माणसाला पुढची पाच वर्षं मॅकबुक हे त्याच किमतीच्या विंडोज लॅपटॉपपेक्षा सोयीचं पडेल.' आता यात बोट ठेवायला जागा आहे. बॅटरी मोजता येते, संकलनाचं सॉफ्टवेअर बघता येतं, किमतीची अट आधीच घातलेली आहे.

मग दोन्ही बाजूंनी आणखी एक ओळ लिहायची: 'काय दिसलं तर मी माझं म्हणणं मागे घेईन?' ज्याला ही ओळ लिहिता येत नाही त्याच्याशी वाद घालण्यात अर्थ नाही. आणि जो फक्त समोरच्याचं खोडत राहतो, स्वतःची बाजू मांडतच नाही, त्याला शांतपणे विचारा, 'मग तू काय घेशील आणि का?' वितंडवादाला आपल्याकडे जुन्या काळापासून वेगळं नाव आहे ते उगाच नाही.

पायरी २: प्लॅटफॉर्म सोलून बघा

प्लॅटफॉर्म म्हणताना आपण चार गोष्टी एकाच गाठोड्यात बांधतो: हार्डवेअर, ऑपरेटिंग सिस्टिम, त्यावर मिळणारं सॉफ्टवेअर आणि बनवणाऱ्या कंपनीची धोरणं. तक्रार यातल्या नेमक्या कशाबद्दल आहे हे ठरवल्याशिवाय पुढे जाऊ नका.

इथेच बहुतेक वाद घसरतात, कारण तिन्ही बाजू एकाच घाटाच्या नाहीत. मॅकमध्ये मशीन आणि सिस्टिम दोन्ही ॲपलची. विंडोजमध्ये सिस्टिम मायक्रोसॉफ्टची, मशीन मात्र अनेक कंपन्यांची, अगदी स्वस्तापासून महागड्यापर्यंत. लिनक्समध्ये गाभा (हार्डवेअरशी बोलणारा सिस्टिमचा मधला भाग, इंग्रजीत कर्नल) एक, त्याच्याभोवती उबुंटू, फेडोरा, डेबियन अशी कितीतरी वितरणं, म्हणजे वेगवेगळ्या गटांनी बांधलेल्या तयार सिस्टिमी, आणि मशीन बहुधा विंडोजसाठीच बनलेलं.

या विषमतेला इतिहास आहे. आयबीएमने ऑगस्ट १९८१मध्ये आपला पीसी आणला तेव्हा वेळ वाचवण्यासाठी बाजारात तयार मिळणारे भाग वापरले. त्यावरची ऑपरेटिंग सिस्टिम डॉस मायक्रोसॉफ्टची होती, आणि ती इतरांना विकण्याचा हक्क तिने स्वतःकडे ठेवला. आयबीएमचं खास म्हणावं असं उरलं ते बायोस, म्हणजे मशीन सुरू करणारं चिपमधलं छोटं सॉफ्टवेअर, आणि कॉम्पॅकने त्याची मूळ कोडला हात न लावता स्वतंत्र नक्कल लिहून १९८२च्या अखेरीस सुसंगत मशीन जाहीर केलं. तिथून क्लोनचा, म्हणजे अशा नक्कल मशीनांचा पूर आला. ॲपलने जानेवारी १९८४मध्ये मॅकिंटॉश आणला तो नेमका उलट वळणाचा: बंद डबा, विस्तारासाठी एकही स्लॉट नाही. आजही एक बाजू 'निवड आहे' म्हणते आणि दुसरी 'सगळं एकमेकांना बसतं' म्हणते, ती त्याच फाट्यावरून आलेली आहे.

म्हणून कुणी 'विंडोज अडकतं' म्हणालं की आधी विचारायचं, कोणत्या मशीनवर? चार जीबी रॅमचा स्वस्त लॅपटॉप आणि नवाकोरा मॅकबुक यांची तुलना ही विंडोज आणि मॅकओएसची तुलना नव्हे. 'लिनक्सवर वायफाय चालत नाही' ही तक्रारही बहुतेक वेळा त्या विशिष्ट वायफाय चिपच्या ड्रायव्हरची, म्हणजे चिप चालवणाऱ्या सॉफ्टवेअरची असते.

पण लिनक्सवाल्यांनो, या खुलाशाआड लपू नका. दोष चिप बनवणाऱ्याचा असेल, वापरणाऱ्याच्या हातात मात्र वायफाय नसलेला लॅपटॉपच आहे. दोष कुणाचा आणि त्रास कुणाला, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. खरेदीच्या वादात दुसरा महत्त्वाचा.

पायरी ३: युक्तिवादावरची तारीख बघा

मला विचाराल तर सगळ्यात उपयोगी पायरी हीच. माणसं ज्या प्लॅटफॉर्मवर टीका करतात तो त्यांनी बहुधा काही वर्षांपूर्वी सोडलेला असतो, आणि टीका त्या दिवशी जिथे होती तिथेच गोठलेली असते.

काही नमुने बघा. 'मॅकवर एक प्रोग्राम अडकला की सगळं मशीन अडकतं' हे मॅक ओएस ९पर्यंत खरं होतं, कारण तिथे प्रोग्रामांनी आपण होऊन एकमेकांना प्रोसेसर सोडायचा असे आणि स्मृतीला संरक्षण नव्हतं. मार्च २००१मध्ये युनिक्सच्या पायावरचं मॅक ओएस एक्स आलं आणि तो मुद्दा संपला. त्याच वर्षी विंडोज एक्सपीने घरगुती मशीनवर एनटीचा, म्हणजे ऑफिसांसाठीच्या विंडोजचा भक्कम गाभा आणला. विंडोज ९५ आणि ९८च्या निळ्या स्क्रीनच्या गोष्टी त्याआधीच्या.

'मॅक घेतला तरी त्यावर विंडोज टाकता येतंच' हा मुद्दा २००६पासून बूट कॅम्पमुळे, म्हणजे मॅकवर थेट विंडोज सुरू करून देणाऱ्या ॲपलच्या सोयीमुळे, खरा होता. नोव्हेंबर २०२०मध्ये ॲपलच्या स्वतःच्या एम१ चिपचे मॅक आले आणि बूट कॅम्प तिथे राहिलं नाही. आता विंडोज चालवायचं तर ते आभासी मशीनमध्ये, म्हणजे मॅकओएसच्या आत चालणाऱ्या सॉफ्टवेअरच्या संगणकात, आणि तेही एआरएम या वेगळ्या घडणीच्या प्रोसेसरसाठीचं. तरीही हा सल्ला अजून सर्रास दिला जातो.

'लिनक्सवर गेम चालत नाहीत' हेही जुनं झालं. गेम विकणाऱ्या व्हॉल्व्ह कंपनीने २०१८मध्ये विंडोजचे गेम लिनक्सवर चालवणारं प्रोटॉन आणलं, २०२२मध्ये लिनक्सवर चालणारा स्टीम डेक हा हातात धरायचा गेमिंग संगणक आणला, आणि विंडोजसाठी लिहिलेले असंख्य गेम लिनक्सवर चालू लागले. पण म्हणून उलट टोकाला जाऊ नका. फसवणूक रोखणारी प्रणाली खोलवर बसवणारे व्हॅलोरंट, फोर्टनाइटसारखे गेम तिथे चालत नाहीत. घरात तेच गेम खेळणारं कुणी असेल तर वाद तिथेच संपला.

समोरचा काही बोलला की एवढंच विचारा: हे कोणत्या वर्षाचं, कोणत्या आवृत्तीचं? स्वतःलाही विचारा.

पायरी ४: वेगाचे आकडे ऐकू नका, काम लावून मोजा

२००१च्या उन्हाळ्यात ॲपलने व्यासपीठावर ८६७ मेगाहर्ट्झचा पॉवर मॅक जी४ आणि १.७ गिगाहर्ट्झचा पेंटियम ४ समोरासमोर ठेवले, आणि फोटोशॉपच्या काही कामांत कमी आकड्याचा मॅक पुढे गेला. त्यामागचं तत्त्व बरोबर होतं. पेंटियम ४ प्रत्येक सूचनेचं काम २० टप्प्यांत तोडत असे, जी४ ७ टप्प्यांत. लहान टप्प्यांमुळे घड्याळ जोरात पळवता येतं, पण पुढची सूचना कोणती याचा प्रोसेसरने बांधलेला अंदाज चुकला की मागचं बरंच काम टाकून द्यावं लागतं. तेव्हा नुसत्या मेगाहर्ट्झवरून वेग कळत नाही हे खरंच. मात्र कोणती कामं दाखवायची हे ॲपलने निवडलं होतं, आणि त्यावरून सगळंच काम मॅकवर जलद होतं असं निघत नाही. पुढे जून २००५मध्ये ॲपलने स्वतःच इंटेलकडे जायचं जाहीर केलं आणि पॉवरपीसीची, म्हणजे जी४च्या घराण्यातल्या प्रोसेसरांची बाजू वर्षानुवर्षं लढवणाऱ्यांची चांगलीच पंचाईत झाली.

आज मेगाहर्ट्झची जागा बेंचमार्कच्या, म्हणजे वेग मोजणाऱ्या तयार चाचण्यांच्या गुणांनी घेतली आहे. ते निरुपयोगी नाहीत, पण वादाचा निकाल त्यांच्यावर लावू नका. त्याऐवजी असं करा:

- तुमचं खरं काम घ्या: तुमचीच एक्सेल फाइल, तुमचाच व्हिडिओ, तुमचाच कोड.
- दोन्ही मशीनवर सॉफ्टवेअरची एकच आवृत्ती ठेवा, आणि ती त्या प्रोसेसरसाठी बनलेली आहे की भाषांतर होऊन चालते आहे हे बघा. एम मालिकेच्या मॅकवर इंटेलचं जुनं सॉफ्टवेअर रोझेटा या भाषांतरकारामार्फत चालतं. चालतं छान, पण मोजमाप दोघांचं मिळून होतं.
- चार्जर लावून आणि काढून, दोन्ही वेळा मोजा. पुष्कळ विंडोज लॅपटॉप बॅटरीवर आपला वेग उतरवतात.
- काम लांबलचक असू द्या. मॅकबुक एअरसारख्या बिनपंख्याच्या मशीनची पहिली काही मिनिटं दिमाखदार असतात, मग ते तापून वेग कमी करतं. पातळ विंडोज लॅपटॉपांचंही तेच.

फरक दिसला तरी एक प्रश्न उरतोच: तो कामात जाणवतो का? रात्री लावून ठेवायच्या कामाला दहा मिनिटं जास्त लागली तर कुणाचं काही बिघडत नाही.

पायरी ५: किंमत आयुष्यावर पसरवा

हे थोडक्यात. बिलावरच्या आकड्यात लागणारी सॉफ्टवेअरं, दुरुस्ती आणि शिकण्यात जाणारा वेळ मिळवा, विकताना परत येणारी रक्कम वजा करा, आणि वापराच्या वर्षांनी भागा. जुने मॅक सहसा बऱ्या भावात विकले जातात, हा त्या बाजूचा खरा मुद्दा. दुसऱ्या पारड्यात हे टाका: एम मालिकेच्या मॅकमध्ये रॅम नंतर वाढवता येत नाही, म्हणून पाच वर्षांनी लागेल तेवढी आजच घ्यावी लागते. अनेक पातळ विंडोज लॅपटॉपांचीही रॅम आता बोर्डालाच जोडलेली असते, त्यामुळे 'विंडोज घेतलं की नंतर वाढवू' हे मॉडेल बघितल्याशिवाय बोलू नका. लिनक्स फुकट आहे, पण तुमचा वेळ फुकट नाही. ज्याला खटपटीत रमायला आवडतं त्याने हा खर्च शून्य धरला तरी चालेल, ऑफिसने धरू नये.

पायरी ६: सुरक्षिततेवर 'व्हायरस येतच नाही' या वाक्यावर बंदी घाला

प्रत्येकाच्या घरी एकेक घटना घडून गेली आहे, आणि त्या नीट वाचल्या तर बरंच शिकायला मिळतं.

मे २०१७मध्ये वॉनाक्राय या खंडणी मागणाऱ्या व्हायरसने जगभरातली विंडोज मशीनं ओलीस धरली. ज्या भगदाडातून तो शिरला ते बुजवणारं अपडेट मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच दिलं होतं. २०१२मध्ये फ्लॅशबॅक या व्हायरसने सुमारे ६ लाख मॅक पकडले. ते भोक जावामधलं होतं. ओरॅकलने दुरुस्ती फेब्रुवारीत दिली, ॲपलने मॅकसाठी ती एप्रिलमध्ये पोहोचवली. दोन्हीकडे तंत्रापेक्षा दुरुस्ती आणि मशीन यांच्यामधला उशीर नडला, एकीकडे वापरणाऱ्यांचा, दुसरीकडे कंपनीचा.

लिनक्सची घटना सगळ्यात रंजक. मार्च २०२४मध्ये एक्सझेड या डेटा आकसवणाऱ्या लायब्ररीत कुणीतरी चोरदरवाजा घुसवल्याचं उघड झालं, आणि तो बऱ्याच वितरणांच्या स्थिर आवृत्त्यांत पोहोचायच्या आधी पकडला गेला. पकडणारे आंद्रेस फ्रॉइंड, ज्यांना एसएसएचने, म्हणजे दूरच्या मशीनवर सुरक्षितपणे शिरण्याच्या सोयीने, लॉगिनला अर्धा सेकंद जास्त का लागतोय याचं कुतूहल वाटलं. ते नोकरीला मायक्रोसॉफ्टमध्ये होते, हे दोन्ही छावण्यांनी लक्षात ठेवावं. यातून 'खुला कोड सुरक्षित असतो' आणि 'खुल्या कोडमध्ये कुणीही घुसू शकतो' असे दोन्ही मुद्दे निघतात, आणि दोन्ही खरे आहेत.

म्हणून सुरक्षिततेवर वाद घालताना विचारायचं ते हे: अपडेट आपोआप येतं का, किती लवकर येतं, किती वर्षं येईल? डिस्क कूटबद्ध आहे का? रोजचं खातं प्रशासकाचं आहे का? कुठल्याही प्लॅटफॉर्मवर या पाच उत्तरांनी जेवढा फरक पडतो तेवढा लोगोने पडत नाही.

'किती वर्षं' याच्या तारखा उपलब्ध असतात, त्या समोर ठेवा. मायक्रोसॉफ्टने विंडोज १०चा नियमित पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ला थांबवला, आणि विंडोज ११ला टीपीएम २.० (सुरक्षेच्या किल्ल्या सांभाळणारी चिप) लागत असल्यामुळे, शिवाय प्रोसेसरची यादी ठरलेली असल्यामुळे, धडधाकट मशीनंही बाहेर राहिली. ॲपलने जून २०२५मध्ये सांगून टाकलं की मॅकओएस २६ ही इंटेल मॅकवर चालणारी शेवटची आवृत्ती. इंटेलवाला मॅक प्रो ॲपल जून २०२३पर्यंत विकत होती! उबुंटूच्या दीर्घकालीन आवृत्तीला ५ वर्षं प्रमाणित अपडेट मिळतात, फेडोराच्या आवृत्तीला साधारण १३ महिने, मग पुढच्या आवृत्तीवर जायचं. बाहेर पडलेल्या जुन्या मशीनला कुणी वाली असेल तर तो लिनक्सच, यावर मी तरी वाद घालणार नाही.

पायरी ७: सॉफ्टवेअरची यादी, ज्यावर खरा निकाल लागतो

तंत्र सरस असलं की प्लॅटफॉर्म जिंकतो, असं तरुण वयात वाटतं. १९८५चा कमोडोर अमिगा बघा: ४०९६ रंग, चार वाहिन्यांचा आवाज, एकाच वेळी अनेक प्रोग्राम खऱ्या अर्थाने चालवण्याची सोय, आणि हे सगळं पीसीवर लोक बहुतकरून काळ्या पडद्यावर अक्षरं बघत होते तेव्हा. कमोडोरचं १९९४मध्ये दिवाळं निघालं. तिकडे १९८३च्या सुरुवातीला आलेल्या लोटस १-२-३ या एका हिशेबाच्या प्रोग्रामसाठी लोक आयबीएम पीसी विकत घेत होते. म्हणून 'अमुक सरस तंत्र आहे' या वाक्याचं वजन बेतानेच धरा. आणि 'सगळे हेच वापरतात म्हणजे हेच सरस' हे वाक्यही त्याच कारणाने बाद करा.

यादी अशी करायची. गेल्या महिन्यात प्रत्यक्ष उघडलेलं प्रत्येक सॉफ्टवेअर लिहा. प्रत्येकापुढे तीनपैकी एक शेरा: 'हेच हवं', 'पर्याय चालेल', 'ब्राउझरमध्ये भागतं'. तिसऱ्या शेऱ्याच्या ओळी वादातून काढून टाका, तिथे सगळे प्लॅटफॉर्म सारखेच. बहुतेकांची यादी इथेच अर्धी होते.

'हेच हवं' या ओळींना तडजोड नसते. अभियांत्रिकी आणि इमारतींच्या आराखड्यांची सॉलिडवर्क्स आणि रेव्हिट विंडोजवर. व्हिडिओ संकलनासाठी फायनल कट प्रो हवं तर मॅक. फोटोशॉप लिनक्ससाठी नाही. आणि नाव सारखं असलं तरी माल सारखा असेलच असं नाही: मॅकवरच्या एक्सेलमध्ये पॉवर पिव्हट (मोठ्या डेटाच्या विश्लेषणाची सोय) नाही, मॅकवरच्या ऑफिसमध्ये ॲक्सेस (डेटाबेसचा प्रोग्राम) नाही, ऑटोकॅडची मॅक आवृत्ती विंडोजच्या तुलनेत तोकडी आहे. हिशेबनीसाला 'मॅकवरही एक्सेल आहे की' म्हणून गप्प बसवण्याआधी तो एक्सेलमध्ये नेमकं काय करतो ते बघा.

यादीच्या शेवटी आणखी एक रकाना: माझ्या फाइली या सॉफ्टवेअरशिवाय उघडतील का? जिथे उत्तर 'नाही' तिथे तुम्ही प्लॅटफॉर्म निवडत नसून त्याच्याकडे गहाण पडत आहात. कदाचित ते पत्करणं शहाणपणाचंही असेल, पण वादात ते उघड बोललं गेलं पाहिजे.

पायरी ८: आधी पूर्वपक्ष मांडा

खंडन करण्याआधी समोरच्याची बाजू त्याला 'हो, असंच म्हणायचंय मला' असं वाटेल इतकी नीट मांडायची. प्लॅटफॉर्मच्या वादात ही सवय जवळपास नामशेष आहे.

एक चांगला नमुना मात्र आहे. जानेवारी १९९२मध्ये मिनिक्स या शिकवण्यासाठीच्या सिस्टिमचे कर्ते, प्राध्यापक अँड्र्यू टॅनेनबाम यांनी 'लिनक्स कालबाह्य आहे' असं जाहीर लिहिलं. आक्षेप दोन: गाभा एकसंध आहे (छोटा गाभा ठेवून बाकीचं काम बाहेर सोपवणाऱ्या 'सूक्ष्म गाभ्या'सारखा नाही), आणि तो इंटेलच्या ३८६ प्रोसेसरला फार चिकटलेला आहे. तेव्हा विद्यार्थी असलेले लिनक्सचे कर्ते लिनस तोरवाल्ड्स यांनी चिडून उत्तर दिलं, नंतर सुराबद्दल माफीही मागितली. पण त्या चिडक्या उत्तरातही सैद्धांतिकदृष्ट्या सूक्ष्म गाभा सरस आहे हे त्यांनी सरळ मान्य केलं, आणि मग मुद्दा मांडला की लिनक्स आज उपलब्ध आहे आणि काम करतो. मान्य करायचं ते मान्य केल्यामुळे वाद पुढे सरकला. पुढे काय झालं? ३८६ला चिकटलेला म्हणून हिणवलेला गाभा फोनपासून महासंगणकापर्यंत पोहोचला, आणि इंटेलची वंशावळ संपेल हा टॅनेनबाम यांचा अंदाज खोटा ठरला. दुसरीकडे, मॅकच्या गाभ्यात माख नावाचा सूक्ष्म गाभा आजही मिसळलेला आहे. दोघांपैकी कुणीही पूर्ण चुकला नाही.

सरावासाठी वीस मिनिटं बाजू बदला. मॅकवाल्याने विंडोजची बाजू लढवायची. ज्याला ती लढवता येत नाही त्याला ती माहीतच नाही, आणि हे त्याला स्वतःलाच कळतं, कुणी सांगावं लागत नाही.

पायरी ९: उरलेलं तोंडाने नाही, मशीनवर ठरवा

आठ पायऱ्यांनंतर सहसा दोन-तीनच प्रश्न शिल्लक राहतात. लिनक्सबद्दलचे असतील तर पेन ड्राइव्हवरून लाइव्ह सिस्टिम (मशीनवर बसवल्याशिवाय चालणारी) चालवा. डिस्कला हात न लागता वायफाय, आवाज, कॅमेरा, झोपवणं-उठवणं तपासून होतं. मॅकबद्दलचे असतील तर वापरणाऱ्या ओळखीच्या माणसाकडे आपल्या फाइली घेऊन एक दुपार बसा. दुकानातल्या मशीनवर आपलं काम काही करून बघता येत नाही. ऑफिससाठी ठरवत असाल तर सगळ्यांत किचकट काम करणाऱ्या माणसाला चाचणी द्या, सगळ्यांत उत्साही माणसाला नको. आणि एकच सिस्टिम सगळ्यांना बसली पाहिजे हा हट्ट त्याच्या अहवालानंतर सोडावा लागला तर सोडा.

चाचणीआधी बॅकअप घ्या हे सांगायला नकोच. पण विंडोज ११च्या बऱ्याच लॅपटॉपांत डिस्क आपोआप कूटबद्ध झालेली असते, आणि सुरू होण्याच्या सेटिंगमध्ये बदल केला की ते बिटलॉकरची (विंडोजमधल्या कूटबद्धीकरणाची) पुनर्प्राप्ती किल्ली मागू शकतात. ती ४८ अंकी किल्ली आधी शोधून कागदावर उतरवून ठेवा, मगच पेन ड्राइव्ह लावा.